डेव्हिल्स डाइकवरचा एक दिवस: पॅराग्लायडिंग येणाऱ्याने हँग ग्लायडिंगला जाताना

तुम्ही कामशेतला पॅराग्लायडिंगचे सुरुवातीचे दोन कोर्स केलेत, नोकरीनिमित्त आता ब्रायटनला आलात, आणि विचारताय की इथल्या क्लबबरोबर हँग ग्लायडिंगचा एक दिवस कसा जातो, त्यात प्रत्यक्ष उडणं किती असतं आणि पॅराग्लायडिंग येत असल्याचा काही उपयोग होतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. डोळ्यांना उपयोग होतो, हातांना होत नाही. वारा कुठून येतोय, धारेच्या मागे हवा कुठे ढवळली जाते, ढगाखाली काय चाललंय, हे कामशेतने शिकवलं असेल तर ते इथेही कामाला येतं. पण वेग कमी करायला ब्रेकच्या दोऱ्या ओढण्याची जी सवय हातात मुरली आहे ती हँग ग्लायडरवर, म्हणजे ताठ सांगाड्याच्या पंखाखाली, उलटी पडते, आणि पडते नेमकी जमिनीजवळ. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

उडण्याचं म्हणाल तर, सकाळी निघून संध्याकाळी घरी येण्याच्या दिवसात तास-दीड तास हवेत मिळाला की लोक खूश असतात. काही दिवस ग्लायडर गाडीच्या टपावरून खाली उतरतच नाही. बाकीचा वेळ कुठे जातो, हे कळलं की हा खेळ तुमच्या स्वभावाला मानवेल का, याचाही अंदाज येईल.

दिवसाची सुरुवात आदल्या रात्री होते. साउथ डाउन्स ही खडूच्या खडकाची लांब धार ब्रायटनच्या पाठीमागून पूर्व-पश्चिम गेली आहे. तिची उत्तरेची बाजू एकदम तुटलेली, दक्षिणेची समुद्राकडे हळूहळू उतरत जाणारी. सह्याद्रीला पश्चिमेकडे कडा आणि पूर्वेकडे उतरतं पठार आहे, तशीच रचना, पण दिशा बदललेली आणि माप फार लहान. या धारेवरच्या डेव्हिल्स डाइक या डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरच्या आसपास. मावळातल्या माणसाला ही टेकडीच वाटणार. तरीही स्वच्छ उत्तरेचा वारा या सरळ भिंतीवर आपटून वर चढतो तेव्हा तासन्‌तास तरंगता येतं. वारा दक्षिण-नैर्ऋत्येचा असेल तर डाइकवर जाण्यात अर्थ नाही; तेव्हा लोक लुइसजवळच्या माउंट कॅबर्नला जातात. एका क्लबकडे अनेक डोंगर असतात ते याचसाठी. प्रत्येकाचा ठरलेला वारा, ठरलेली उतरायची जागा, आणि जमीनमालकाशी झालेला ठरलेला व्यवहार. मेंढ्यांना पिल्लं होण्याच्या दिवसांत कुठलं शेत बंद, कुठल्या फाटकापाशी गाडी लावायची नाही, हे सगळं क्लबच्या माहितीपत्रकात असतं आणि ते वाचल्याशिवाय डोंगरावर पाऊल टाकायचं नसतं. एका बेफिकीर वैमानिकाने शेतकऱ्याचं कुंपण मोडलं की तो डोंगर सगळ्यांसाठी बंद होऊ शकतो.

रात्री हवामान खात्याचा अंदाज, मग रॅस्प म्हणून ग्लायडरवाल्यांसाठी बनवलेला अंदाज, त्यात वाऱ्याचा वेग वेगवेगळ्या उंचीवर किती आणि थर्मल, म्हणजे तापून वर चढणारी हवा, कितपत जोरदार ते पाहायचं. मग हवाई क्षेत्राच्या त्या दिवसापुरत्या सूचना. इथे उत्तरेला गॅटविक विमानतळ, नैर्ऋत्येला शोरहॅमचा छोटा विमानतळ. वर जायला मिळालं म्हणून कितीही वर जायचं नसतं. मर्यादा नकाशावर पाहून, उपकरणात भरून मगच घर सोडायचं. शीतसीमा, म्हणजे थंड हवेची पुढची कड, पूर्वेकडे सरकून गेल्यावर मागून येणारा वायव्य-उत्तरेचा वारा आणि त्यात पांढरे, तुटक कापशी ढग, हा इथला सगळ्यात आवडता अंदाज. असा शनिवार आला की शुक्रवारी रात्रीपासून क्लबच्या ग्रुपवर निरोप सुरू होतात. कोण कधी पोचतंय, कोणाच्या गाडीत जागा आहे, खाली उतरलेल्यांना वर कोण आणणार.

डाइकची एक मोठी सोय म्हणजे रस्ता माथ्यापर्यंत जातो आणि माथ्यावर पब आहे. ही जागा मुळातच सहलीची. १८८७ मध्ये ब्रायटनहून इथवर आगगाडी आली, १८९४ मध्ये दरीवरून तारेवरचा पाळणा सुरू झाला, १८९७ मध्ये खालच्या पॉइनिंग्ज गावाकडे उतरणारी तिरकी रेल्वे. त्यातलं आज काहीच चालू नाही, पण गर्दी तशीच आहे. पतंगवाली मुलं, मोकाट कुत्री, रिमोटवरची विमानं उडवणारे आजोबा, आणि मध्येच पंख पसरून बसलेले आपण. जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेची. चालणाऱ्यांचा हक्क पहिला, आपला नंतर. कोणीतरी येऊन विचारतंच, 'भीती नाही वाटत?' उत्तर हसून द्यायचं, पण हातातलं काम थांबवून द्यायचं. पंख जोडताना बोलत राहणं हे या खेळातलं खरं व्यसन आहे आणि त्यातूनच गोष्टी राहून जातात.

पोचल्यावर पहिला अर्धा तास कोणीही ग्लायडरला हात लावत नाही. धारेवर उभं राहायचं, वारा तोंडावर सरळ येतोय की एका गालावर जास्त लागतोय ते पाहायचं, गवत किती वाकतंय, ढगांच्या सावल्या खालच्या शेतांवरून कुठल्या दिशेने सरकताहेत ते पाहायचं. हँग ग्लायडरला ताशी १५ ते २० मैलांचा सरळ वारा बरा. त्याच वाऱ्यात नवख्या पॅराग्लायडरवाल्याने जमिनीवरच बसावं. म्हणून डाइकवर एक रोजचं दृश्य असतं: सकाळी मंद वाऱ्यात रंगीत पॅराग्लायडर वर आणि हँग ग्लायडरवाले चहाचे थर्मास घेऊन बसलेले, वारा वाढला की पॅराग्लायडर एकेक करून खाली येतात आणि आमचे पंख उभे राहतात. तुम्हाला दोन्ही करायचं असेल तर दिवस अधिक मिळतील, एवढं खरं.

मग जोडणी. ग्लायडर पाच-साडेपाच मीटर लांबीच्या नळीसारख्या पिशवीत बांधलेला असतो, वजन साधारण २५ ते ३५ किलो. पाठीवर पिशवी टाकून लोकलमध्ये चढणाऱ्या पॅराग्लायडरवाल्यांना इथेच पहिला धक्का बसतो. पिशवी उघडायची, आधी खालचा त्रिकोण जोडायचा, म्हणजे दोन उभ्या दांड्या आणि त्यांना जोडणारा तळाचा बार. ग्लायडर उलटून त्रिकोणावर उभा करायचा, दोन्ही पंख हळूहळू पसरायचे, शिडात बॅटन, म्हणजे त्याला आकार देणाऱ्या वाकवलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्या, एकेक सरकवायच्या, मग आडव्या नळीला मागून ताण देऊन खटका अडकवायचा. ताण बसला की इतका वेळ लोंबकळणारं कापड एकदम ताठ होऊन पंख दिसू लागतो. सरावलेल्या माणसाला अर्धा तास पुरतो. नवख्याने तास घ्यावा, कोणी हसत नाही.

जोडून झालं की तपासणी, आणि ती नेहमी एकाच क्रमाने. नाकापासून सुरू करून एका पंखाच्या कडेने टोकापर्यंत, मागच्या बाजूने मधल्या नळीपर्यंत, तिथून दुसरा पंख, पुन्हा नाक. प्रत्येक नट, प्रत्येक सुरक्षापिन, प्रत्येक तार हाताने चाचपायची. तारेचा पीळ जिथे दाबलेल्या नळीत शिरतो तिथे एखादा धागा तुटलाय का ते पाहायचं. मध्येच कोणी हाक मारली तर उत्तर देऊन पुन्हा नाकापासून सुरुवात. हा नियम मी नव्या लोकांना सगळ्यात आधी सांगतो आणि सगळ्यात जास्त वेळा मोडलेला पाहतो. एक टोक तपासून झालंय असं वाटतं, माणूस दुसऱ्याच टोकाला सुरू करतो.

यानंतरची एक गोष्ट एवढी महत्त्वाची आहे की बाकी उत्तर विसरलात तरी चालेल. पॅराग्लायडरमध्ये तुम्ही हार्नेसमध्ये बसता, पंख दोऱ्यांनी खांद्याशी जोडलेला असतो आणि तो डोक्यावर उभा करताना आपण जोडलेले आहोत हे शरीराला कळतं. हँग ग्लायडर मात्र खांद्यावर उचलून घ्यायचा असतो. हार्नेस अंगात, ग्लायडर खांद्यावर, हात दांड्यांवर, सगळं अगदी तयार वाटतं, आणि मधला कॅराबिनर, म्हणजे हार्नेस ग्लायडरला जोडणारी कडी, अडकवलेलाच नसतो. वारा आला की ग्लायडर स्वतःच उचलला जातो, त्यामुळे वजनावरूनही कळत नाही. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला जोडीने उडताना मागे बसायचा प्रवासी अडकवायचा राहिला आणि तो दोन मिनिटांहून अधिक काळ हाताने बार धरून लोंबकळत होता. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. तो माणूस मनगट मोडून का होईना, वाचला. सगळे वाचत नाहीत.

म्हणून उड्डाणाच्या जागी गेल्यावर, धावण्याच्या अगदी आधी, कोणीतरी ग्लायडरचं नाक धरतं आणि तुम्ही हार्नेसमध्ये पोटावर आडवे लटकता. कॅराबिनर मुख्य आणि राखीव अशा दोन्ही पट्ट्यांतून गेलाय का, त्याचं फाटक कुलूपबंद आहे का, पायांचे पट्टे लावलेत का, दोऱ्यांना पीळ नाही ना, हेल्मेटचा बंद घट्ट आहे का, छाती बारपासून योग्य अंतरावर आहे का. समोरचा मोठ्याने विचारतो, तुम्ही मोठ्याने उत्तर देता. इथे क्लबचा खरा उपयोग होतो. एकट्याने डोंगरावर जाणाऱ्या माणसालाही ही तपासणी करता येते, पण घाईत ती न करता निघण्याचा मोह आवरणारं कोणी नसतं. आमच्या धारेवर तीस वर्षं उडणारा माणूसही लटकल्याशिवाय निघाला तर त्याला हाक मारून थांबवतात, आणि तो रागावत नाही. आणि एक: तपासणीनंतर वारा बिघडला म्हणून हार्नेसमधून सुटून बाजूला बसलात तर परत येताना सगळं पहिल्यापासून. बहुतेक चुका या दुसऱ्या फेरीत होतात.

आता हातांबद्दल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जर्मनीत ओटो लिलिएंथाल काखेत पंख धरून टेकडीवरून उडत होता. त्याला फक्त पाय आणि कंबर हलवून तोल साधता यायचा, आणि १८९६ मध्ये ग्लायडर हवेत थबकून कोसळला तेव्हा ती हालचाल पुरी पडली नाही. पुढे अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो यांनी कापडाच्या लवचीक पंखाची कल्पना मांडली, आणि १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्राफ्टनच्या जॉन डिकन्सनने होडीमागे ओढायच्या तशा पंखाखाली त्रिकोण लावून माणसाला एका बिंदूपासून लटकवलं. त्या बदलाने काय झालं? सगळं शरीर वजन म्हणून वापरता येऊ लागलं. तुम्ही बार ढकलता तेव्हा प्रत्यक्षात बार हलत नाही, तुम्ही हलता. बार छातीकडे ओढलात की शरीर पुढे, नाक खाली, वेग जास्त. बार पुढे ढकललात की शरीर मागे, नाक वर, वेग कमी. उजवीकडे वळायचं तर शरीर उजवीकडे न्यायचं, आणि ते कमरेतून. नवखे डोकं आणि खांदे उजवीकडे नेतात, कंबर आपोआप डावीकडे जाते आणि ग्लायडर ढिम्म हलत नाही.

पॅराग्लायडरमध्ये हात ओढले की वेग कमी होतो. इथे ओढले की वाढतो. उंचावर हा फरक गंमतीचा असतो, चुकलात तरी सावरायला जागा असते. शिवाय ग्लायडर उशिरा ऐकतो. शरीर नेलं, काहीच झालं नाही म्हणून आणखी नेलं, आणि मग दोन्हीचा हिशोब एकदम येतो. शरीर नेऊन वळण मागायचं आणि वाट पाहायची, वळण सुरू झालं की मध्यावर यायचं, थांबवायचं असेल तर उलट बाजूला जायचं. पॅराग्लायडर आपल्या पंखाखाली लोंबणारं वजन स्वतःच सरळ करून घेतो, म्हणून तिथे हा उशीर इतका जाणवत नाही. बदल्यात हँग ग्लायडरचा सांगाडा खडबडीत हवेत मिटत नाही आणि वाऱ्याविरुद्ध पुढे सरकण्याची ताकद कितीतरी जास्त असते. थबकण्याचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख उचलणं सोडतो तो, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास, निवांत उडणं ४० ला, आणि चांगल्या ग्लायडरला ८० च्या पुढेही नेता येतं.

उड्डाण दिसायला सोपं. नाक किंचित वर, पंख सपाट, नजर खाली दगडांवर न ठेवता समोरच्या क्षितिजावर, मग चाल, मग धाव, आणि ग्लायडर वजन घेऊ लागला तरी धावतच राहायचं. पॅराग्लायडरवाले इथे उडी मारतात किंवा हार्नेसमध्ये बसायला जातात, तसं करायचं नाही. पाय जमिनीला लागायचे थांबेपर्यंत धावायचं. वारा जोरदार असेल तर एक जण पुढच्या तारा धरून नाक सांभाळतो. तुम्ही तयार असल्याचं सांगितलंत की तो सोडतो आणि बाजूला खाली बसतो. दोन पावलांत पाय सुटतात. वारा मंद असेल तर पावलं जास्त आणि जबाबदारी पूर्ण तुमची. तिथे अर्धवट धावण्याइतकं वाईट काही नाही.

धारेसमोरची उठणारी हवा फार रुंद नसते. दहा-बारा पंख त्याच पट्ट्यात ये-जा करत असतात, त्यामुळे रहदारीचे नियम पाठ हवेत. दोघे समोरासमोर आले तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला मार्ग द्यायचा, कारण त्याला उजवीकडे वळायला जागाच नाही. वळण नेहमी डोंगरापासून दूर घ्यायचं. थर्मलमध्ये पहिला ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने सगळ्यांनी फिरायचं आणि खालच्याला सांभाळून घ्यायचं. मिश्र गर्दीत आणखी एक भान लागतं. हँग ग्लायडरवाल्याला समोरचं आणि खालचं छान दिसतं, डोक्यावरचं स्वतःच्या पंखामुळे दिसत नाही; पॅराग्लायडरवाल्याला त्याच्या छत्रामुळे वरचं दिसत नाही, आणि तो तुमच्यापेक्षा हळू असतो. मागून येऊन त्याच्या वरून जायचं आणि तो वळणार नाही असं गृहीत धरायचं, हा अपघाताचा हमखास मार्ग. पश्चिमेकडे ट्रूली हिलपर्यंत धारेने जाता येतं, तिथले रेडिओचे मनोरे दुरून दिसतात, पण त्याच्या अलीकडे उच्चदाबाच्या विजेच्या तारा डोंगर ओलांडतात. उंची पुरेशी नसेल तर अलीकडूनच मागे फिरायचं. पूर्वेकडे ती प्रसिद्ध खोल कोरडी दरी, जिच्यावरून जागेला नाव पडलं. वारा जरा ईशान्येकडे झुकला तरी तिच्या तोंडाशी हवा अस्वस्थ होते.

आता इथला खास धोका, आणि तो समजायला कोकणातला माणूस सगळ्यात योग्य. आपण शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. ब्रायटनचा किनारा डाइकपासून दक्षिणेला काही मैलांवर आहे. ऊन्हाळ्यात उत्तरेचा वारा मंद असलेल्या उन्हाच्या दिवशी दुपारी समुद्रावरून खारा वारा आत शिरतो आणि डाउन्सच्या सौम्य उतारावरून चढत धारेपर्यंत येतो. मावळात दुपारनंतर घाटावरून पश्चिमेचा वारा आला की पश्चिमेकडे तोंड असलेल्या डोंगरांवर लोक खूश होतात. इथे उलट. तो आला की उत्तरेची बाजू पाठीमागची बाजू होते आणि जिथे हवा उठत होती तिथेच ती खाली कोसळते. खुणा आधी दिसतात. माथ्यावरचा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, मलूल होतो, थोडा वेळ गोल फिरतो, समुद्राच्या बाजूला खालच्या उंचीवर धूसर ढगांची रांग दिसते, आणि धारेवर टिकून राहायला अचानक कष्ट पडू लागतात. ज्याच्याकडे उंची आहे आणि अनुभव आहे तो कधी कधी त्या दोन वाऱ्यांच्या भेटीच्या रेषेवर फार वर जातो. बाकीच्यांनी धारेला चिकटून राहण्याचा हट्ट सोडावा, सरळ उत्तरेला बाहेर पडावं आणि डोंगरापासून लांब, मोकळ्या शेतात उतरावं. जमिनीवर थांबलेल्यांपैकी कोणीतरी रेडिओवर हे सांगतंच, पण ते ऐकू येईपर्यंत थांबू नये.

उतरणं हे हँग ग्लायडिंगचं सगळ्यात अवघड काम आहे, हे तुम्हाला कोणी उत्साहाच्या भरात सांगणार नाही म्हणून मी सांगतो. पॅराग्लायडरवाल्याचं मन जमिनीजवळ 'हळू हो' म्हणतं. इथे जमिनीजवळ वेग म्हणजे ताबा. गवत आणि झाडं यांच्या घर्षणामुळे वारा खालच्या थरात मंद असतो. तुम्ही खाली येता तसा समोरचा वारा कमी होतो, आणि हवेच्या तुलनेत तुमचा वेग तेवढ्याने घटतो. आधीच हळू असाल तर शेवटच्या वीस-तीस फुटांत ग्लायडर थबकतो. म्हणून शेतावर पुरेशा उंचीला पोचायचं, वाऱ्याची दिशा विंडसॉक, धूर, गवत, काहीही पाहून पक्की करायची, वाऱ्यासोबत, मग आडवं, मग वाऱ्यासमोर अशी चौकट बांधायची. शेवटच्या सरळ टप्प्यात शरीर उभं, हात उभ्या दांड्यांवर, बार आत ओढलेला. जमिनीपासून हातभर वर ग्लायडर सपाट करायचा आणि तसाच धरून ठेवायचा. वेग आपोआप झिरपत जातो. दांड्यांवरचा दाब सरला, पंख पुढे जायला कुरकुरू लागला, की दोन्ही हात एका दमात वर आणि पुढे ढकलायचे. नाक उभं होतं, पंख थांबतो, तुम्ही पायांवर. लवकर ढकललंत तर वर उचलले जाऊन तिथून पडता, उशीर केलात तर नाक जमिनीत. जोरदार वाऱ्यात ढकलणं कमी लागतं, शांत हवेत पूर्ण. शिकताना तळाच्या बारला चाकं असतात आणि पोटावर घसरत उतरणं अगदी मान्य आहे; माझ्या मते नव्या माणसाने पहिलं वर्ष चाकं काढूच नयेत, मग कोणी काहीही म्हणो. माथ्यावरच उतरणं मोहाचं असतं, कारण गाडी आणि पब तिथेच. पण धारेच्या मागे जरा जास्त सरकलात की ढवळलेल्या हवेत शिरता, आणि तिथे तुमचं कौशल्य फारसं विचारात घेतलं जात नाही. सुरुवातीला खालीच उतरा.

खाली उतरल्यावर पुन्हा अर्धा तास सुटं करण्यात जातो, मेंढ्या जवळ येऊन पाहतात, मग कोणीतरी गाडी घेऊन येतं. मी डब्यात चपाती-चटणीचा गुंडाळा नेतो. क्लबमधल्या दोघा-तिघांना आता शेंगदाण्याच्या चटणीची सवय लागली आहे. संध्याकाळच्या गप्पांत जेवढं शिकायला मिळतं तेवढं पुस्तकांत नाही, कारण तिथे लोक आपण का उडलो नाही याची कारणं सांगतात.

प्रत्यक्षात सुरू कसं करायचं, तर इथली राष्ट्रीय संघटना म्हणजे ब्रिटिश हँग ग्लायडिंग अँड पॅराग्लायडिंग असोसिएशन, मुख्यालय लेस्टरला. तिच्या मान्यताप्राप्त शाळेत एलिमेंटरी पायलट, मग क्लब पायलट. क्लब पायलट झालात की क्लबच्या डोंगरावर प्रशिक्षकाशिवाय, पण कोच लोकांच्या नजरेखाली उडता येतं. पुढे पायलट आणि ॲडव्हान्स्ड पायलट. भारतातला पॅराग्लायडिंगचा परवाना आंतरराष्ट्रीय आयपीपीआय कार्डावर घेतलात तर इथे पॅराग्लायडर उडवताना तो दाखवता येईल; हँग ग्लायडिंगसाठी त्यावर वेगळी श्रेणी असते आणि ती वेगळी कमवावी लागते. हवामान आणि हवाई नियमांचा अभ्यास तुमचा सोपा जाईल, बाकी शून्यापासून. हँग ग्लायडिंगच्या शाळा आता मोजक्याच उरल्यात, त्यामुळे काही शनिवार-रविवारी लांबचा प्रवास धरून चला. विमानामागे ओढून, प्रशिक्षकासोबत जोडीने शिकवणारी पद्धत मिळाली तर ती घ्या. उतरण्याचा सराव तिथे लवकर आणि सुरक्षितपणे होतो.

ग्लायडर लगेच विकत घेऊ नका. घ्याल तेव्हा एका पृष्ठाचा, म्हणजे पंखाला कापडाचा मुख्यतः एकच थर असलेला, वरच्या मधल्या खांबाला तारा असलेला, हळू उडणारा, क्षमाशील असा घ्या. फाल्कन नावाचं मॉडेल डाइकवर बऱ्याचदा दिसेल, त्या जातीचा. दिसायला भन्नाट, मधला खांब नसलेले ग्लायडर एक मीटर खाली येताना पंधरा मीटर पुढे जातात आणि २०१२ मध्ये टेक्सासमधल्या झपाटाहून अशाच एकावर डस्टिन मार्टिनने ७६४ किलोमीटर अंतर कापलं, हे सगळं खरं. पण तोच गुण छोट्या शेतात उतरताना शाप ठरतो, कारण ग्लायडर खाली यायला तयारच होत नाही. जुना घेतलात तर शीड काढून सगळ्या नळ्या आणि तारा जाणकाराकडून तपासून घ्या. आणि घेण्याआधी घरमालकाला विचारा की साडेपाच मीटरची नळी ठेवायची कुठे. ब्रायटनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये या प्रश्नापाशी अनेकांचं हँग ग्लायडिंग संपलं आहे.

पहिल्या भेटीला काहीच घेऊन येऊ नका. अंदाजात उत्तरेचा वारा दिसेल त्या शनिवारी-रविवारी ब्रायटनहून ७७ नंबरची बस थेट माथ्यावर येते. घोट्याला आधार देणारे बूट, वारा अडवणारं जाकीट आणि हातमोजे घाला, कारण मे महिन्यातही धारेवर दोन तास उभं राहिलं की हात गारठतात. क्लबचा कोच कोण ते विचारा, तुम्हाला कामशेतची पार्श्वभूमी आहे ते सांगा. पुढच्या तारा धरायची मदत कोणी मागितली तर आधी नीट दाखवून घ्या, कुठे उभं राहायचं आणि सोडल्यावर कुठल्या बाजूला बसायचं ते. लटकून तपासणी होताना मात्र जवळ जाऊन प्रत्येक वेळी बघा, आणि कॅराबिनरचं फाटक बंद आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मान हलवू नका.